कोऱ्या दुपारी

आमच्या गावच्या तातडीच्या मदतीच्या स्वयंसेवक पथकाच्या पुढच्या महिन्याच्या ड्युट्या लावायला बसले. रात्री भरल्या, रविवारही भरला. सोमवार ते शुक्रवारच्या दुपारी मात्र कोऱ्याच. धडधाकट माणसं तेव्हा कामाला बाहेरगावी असतात, मागे उरतात म्हातारी माणसं. हृदय बंद पडल्यावर छाती दाबायला कोणी नसेल, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटते. ॲम्ब्युलन्सला अर्धा तास लागणार असेल तर काय हाती लागणार?

आवाहनाची पत्रकं वाटून वाहवा मिळते, माणसं मिळत नाहीत. घरी जाऊन थेट विचारलं तर येतात. एक निवृत्त काका म्हणाले, "मला स्ट्रेचर उचलवणार नाही." म्हटलं, काका, गाडी चालवा, ऑक्सिजनचा काटा रोज बघा, रजिस्टर लिहा. लगेच तयार झाले. सगळ्यांनी सगळंच करायला हवं, हा हट्ट कशाला?

संध्याकाळी नवख्यांचा सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचा, सराव घेतला. मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटीमीटर खोल. एक ताई जोमात लागल्या, पण थोड्याच वेळात कोपरं वाकली आणि दाब उथळ झाला. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. छाती दाबणाऱ्याला दोन मिनिटांनी विसावा द्यायचा हे सगळ्यांना पटतं. पण तीच चार माणसं वर्षानुवर्षं प्रत्येक कॉलला धावतात, त्यांच्या विसाव्याचं नाव कोणी काढत नाही.

सोडून जाणारे "घरी अडचण आहे" एवढंच सांगतात. असेलही. पण लहान गावात पेशंट ओळखीचाच निघतो. पोर वाचलं नाही तरी दुसऱ्या दिवशी त्याच दारावरून जायचं, त्याच्या आईच्या नजरेला नजर द्यायची. अशा कॉलनंतर गाडी धुऊन जो तो मुकाट घरी जायचा. आता आम्ही आधी बसतो. बोलायचं त्याने बोलावं, नाही तर नुसतं बसावं. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येकाला फोन करते, आणि शक्यतो घरच्यांशीही बोलते, कारण रात्री दोनला फोन वाजला की झोपमोड त्यांचीही होते.

उद्या समितीला पत्र लिहायचंय. प्रमाणपत्रं पुरे झाली. सेवा फुकट आहे, पेट्रोल नाही. कॉलला स्वतःच्या गाडीने येणाऱ्याचा खर्च त्याच महिन्यात हातात पडायला हवा.