जुना घ्यावा की नवा? तुम्ही विचारलेत म्हणून

पुएर चहाचा, म्हणजे चीनच्या युन्नान प्रांतातल्या, चकत्यांत दाबून वर्षानुवर्षे मुरवत ठेवता येणाऱ्या चहाचा संग्रह सुरू करायचा आहे, तर पहिली चकती जुनी घ्यावी की नवी, आणि जुनी घ्यायची तर किती वर्षांची, हा प्रश्न मला आता इतक्या वेळा विचारला जातो की त्याचे उत्तर एकदाच आणि सविस्तर लिहून ठेवावे असे मी ठरवले आहे. विचारणारे बहुतेक बडोद्यातलेच असतात. कुणी दांडिया बाजारातल्या जुन्या ओळखीतले, तर कुणी माझ्या भाच्याचे मित्र, जे व्यापारासाठी चीनमधल्या ग्वांगचौला जातात आणि तिथल्या फांगत्सुनच्या चहाबाजारात उभे राहून मला फोन करतात. कच्चा, म्हणजे वर्षांगणिक आपोआप मुरणारा चहा कोणता, पिकवलेला, म्हणजे ओलसर ढिगात लवकर मुरवलेला कोणता, चकती कशी फोडायची, हे त्यांना ठाऊक असते. त्यांना माझ्याकडून एकच शब्द हवा असतो, आणि तो मी देत नाही म्हणून मी हात आखडता घेते असा त्यांचा समज होतो. या समजाचे मला मनापासून वाईट वाटते.

माझे आजचे उत्तर असे आहे. पैशांचा मोठा भाग नव्या कच्च्या चहावर, म्हणजे गेल्या चार-पाच वर्षांतल्या चकत्यांवर खर्च करावा. जुना चहाही त्याच वेळी घ्यावा, पण तुकड्यांनी, 20 किंवा 25 ग्रॅम. पूर्ण चकती घेऊ नये. एवढे बोलले की समोरची व्यक्ती हटकून जुन्या तांदळाचा दाखला देते आणि विचारते, जुने तेच चांगले हे आपल्या घरांत कुणाला ठाऊक नाही? दाखला योग्य आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. जुन्या तांदळाचे मोल आपल्याला कळते, कारण नव्या तांदळाचा गिच्च भात आपण आयुष्यभर खाल्लेला असतो. नव्या कच्च्या पुएरचा कडूपणा, जिभेच्या कडा आवळणारा तुरटपणा आणि घोट गिळल्यावर घशात मागाहून येणारा गोडवा ज्याने ऋतूमागून ऋतू अनुभवलेला नाही, त्याच्या हाती वीस वर्षांचा चहा दिला तर त्याला एवढेच कळते की हा काळा आहे, मऊ आहे आणि महाग आहे. त्यातले काय वयाने आले, काय गोदामाने दिले आणि काय बिघाडाने, हे वेगळे काढण्यासाठी त्याच्याजवळ कोणतेही माप नसते.

हे मी नेहमीच म्हणत आले आहे असे नाही, आणि ज्यांना माझे पूर्वीचे बोलणे आठवते ते त्यावरून मला धारेवर धरतात. 2024 च्या पुराआधी मी सर्वांना नेमके उलटे सांगत असे. आधी जुना प्या, कारण कुठे पोहोचायचे ते कळल्याशिवाय नवा कशाच्या आधारावर निवडणार? त्या म्हणण्यात तथ्य होते आणि आजही आहे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी सकाळी उपाशीपोटी युन्नानमधल्या बुलांग डोंगरातला ताजा, कडवा चहा दाट करून घेतला, दिवसभर पोट धरून बसले आणि पुन्हा पुएरचे नाव काढले नाही. त्यांना पंधरा वर्षांचा मवाळ चहा आधी मिळाला असता तर ते आजही पुएर पीत असते, असे माझी पूर्वीची मी म्हणते, आणि तिला गप्प करील असे उत्तर मला सापडलेले नाही. मात्र आपण जुना चहा ओळखू शकतो हे जे तिने गृहीत धरले होते, ते मला आता मान्य करता येत नाही.

पुराबद्दल बडोदेकरांना वेगळे सांगायला नको. त्या ऑगस्टच्या अखेरीस संततधार पाऊस आणि आजवा सरोवराचे पाणी एकत्र आले आणि विश्वामित्री नदीची पातळी 35 फुटांच्या वर गेली. आम्ही कारेलीबागेत तळमजल्यावर राहतो. आधी सासूबाईंना वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे पोहोचवले, मग औषधे, कागदपत्रे आणि देवघरातले टाक वर नेले. चहाचे कपाट आठवले तेव्हा वीज गेलेली होती आणि आतल्या खोलीत पाणी गुडघ्यापर्यंत चढले होते. कपाटाच्या खालच्या फळ्या बुडाल्या. त्यांत बांबूच्या सालपटात बांधलेला सात चकत्यांचा एक अख्खा गठ्ठा होता. 357 ग्रॅमची एक चकती, म्हणजे जवळजवळ अडीच किलो चहा. पुराचे पाणी गटारांतून फिरून आलेले असते, तेव्हा तो चहा ठेवायचा की टाकायचा हा विचार करण्याची वेळच आली नाही. गाद्या आणि पुस्तके यांच्याबरोबर तो रस्त्याकडेच्या ढिगावर गेला. ऐकणारे हळहळतात ते या गठ्ठ्यासाठी. मलाही त्याचे दुःख झाले, पण माझे मत बदलले ते वरच्या फळ्यांमुळे.

वरच्या फळ्यांना पाणी लागले नव्हते. पण पाणी ओसरल्यानंतरही भिंती ओल्याच राहिल्या, खोली बंद होती, मग सप्टेंबरचे ऊन पडले आणि त्या कोंदट हवेत चहा तसाच राहिला. चहा आजूबाजूचा वास ओढून घेतो. नव्या चकत्यांचे कागद उलगडले तेव्हा त्यांचा निकाल तिथल्या तिथे लागला. नव्या चहाला फुलांचा, वाळल्या गवताचा, क्वचित मधाचा वास असतो. त्यावर ओल्या भिंतीचा वास चढला की तो घरातल्या कुणालाही कळत होता. हवेशीर जागी ठेवल्यावर ज्या सुधारल्या त्या राखल्या, जी सुधारली नाही ती टाकली. मनात शंका उरली नाही.

शंका उरली ती एकाच चकतीबद्दल, आणि ती माझ्या संग्रहातली सर्वांत महाग होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीची म्हणून घेतलेली, काही वर्षे हाँगकाँगच्या दमट गोदामात आणि नंतर कोरड्या जागी राहिलेली. अशा चहाला मुळातच ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा, थोडा कापराचा वास असतो. मी तो पुन्हा पुन्हा घेतला आणि मला पुराचा वास आल्यासारखे वाटले. सासूबाईंना चहात गवती चहा आणि फुदिना नसेल तर तो चहाच वाटत नाही. त्यांनी चकती नाकाजवळ नेली आणि अगदी सरळपणे म्हणाल्या, "अगं, हा वास तर याला आधीपासूनच होता ना?"

मला राग आला. इतकी वर्षे हा चहा मी पीत होते, त्याच्याविषयी लोकांना सांगत होते, आणि ज्यांनी तो कधी तोंडाला लावला नाही त्यांनी एका वाक्यात त्याचा आणि माझा निकाल लावावा, हे मला सहन झाले नाही. सुदैवाने त्याच चकतीचा एक तुकडा मी पूर्वी मांजलपूरच्या मैत्रिणीला दिलेला होता. ती तिसऱ्या मजल्यावर राहते. तो तुकडा मातीच्या बरणीत पुरापासून दूर, सुखरूप होता. ती तो घेऊन आली. दोन सारखे गायवान (झाकणाचे चिनी पेले, ज्यांत चहा करतात), दोन्हींत 6 ग्रॅम पाने, 110 मिलिलिटर उकळते पाणी, पहिले पाणी ओतून दिले आणि पुढची पाणी दहा-दहा सेकंदांची ठेवली. पहिल्या पेल्यालाच मी सांगितले की आमच्या घरातल्या चहात ओल येते. मैत्रीण म्हणाली, तिला काही फरक जाणवत नाही. तेव्हा सासूबाईंनी आम्हाला पाठ फिरवायला सांगितले आणि पेल्यांची अदलाबदल केली.

मी पूर्ण खात्रीने एका पेल्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, हा आमचा, पुरातला. तो मैत्रिणीचा होता. आम्ही पुन्हा केले आणि पुन्हा तेच झाले. त्यानंतर मी पेले विसळून ठेवले आणि आम्ही दुसऱ्या गोष्टी बोलू लागलो.

यावर माझ्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. घरात तेव्हाही फिनेलचा वास होता, मी अनेक रात्री धड झोपले नव्हते, आणि दमट गोदामातल्या चहात असा फरक ओळखणे सरावलेल्या माणसालाही अवघड जाते. हे सर्व खरे आहे आणि त्यातला एकही मुद्दा मी मागे घेत नाही. पण त्याच दिवसांत, त्याच खोलीत, त्याच नाकाने नव्या चकत्यांबद्दल मी एकदाही गोंधळले नव्हते, हेही तितकेच खरे आहे. नवा चहा काही लपवत नाही. जुन्याजवळ लपवायला जागा असते, आणि विकणाऱ्यालाही ते माहीत असते.

म्हणून आता पुन्हा संग्रह उभा करताना मी काय घेतले, ते सांगते. कच्च्यात बुलांगचा कडवा आणि युन्नानमधल्याच यिवूचा मवाळ, दोन्ही आधी नमुन्यापुरते आणले. त्यांतला जो आज, आत्ता प्यायला आवडला त्याचीच चकती घेतली. वीस वर्षांनी आवडेल या आशेवर आज न आवडणारा चहा मी घेत नाही. एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते. काही नव्या चहांत कडूपणा जवळजवळ नसतो आणि हिरव्या चहासारखा सुगंध पटकन पुढे येतो. अशी पाने बहुधा कढईत जास्त तापवलेली असतात, आणि जाणकारांच्या मते त्यांचा जोम काही वर्षांत ओसरतो. तो चहा लगेच पिऊन संपवायला चांगला असतो. वेष्टनावर प्राचीन वृक्षांचा किंवा लाओ बानचांग या महागड्या चहाच्या प्रसिद्ध गावाचा उल्लेख आणि किंमत मात्र साधी, अशी चकती भाच्याच्या मित्रांनी कितीही आग्रह केला तरी मी आणू देत नाही.

ज्याला एकाच खरेदीत दोन्ही बाजू पाहायच्या असतील त्याने युन्नानमधल्या मंगहाय कारखान्याचा 7542 नावाचा कच्चा चहा घ्यावा. हा आकडा पाककृतीचा, म्हणजे पानांच्या ठरलेल्या मिश्रणाचा आहे, चहा बनल्याच्या वर्षाचा नाही: 75 म्हणजे ती पाककृती ज्या वर्षी ठरली ते साल, 4 म्हणजे पानांची सर्वसाधारण प्रत आणि 2 म्हणजे कारखाना. हे माहीत नसलेल्या माणसाला 1975 चा चहा म्हणून तो दाखवला जाऊ शकतो, म्हणून मुद्दाम लिहिते. पाककृती तीच राहत असल्यामुळे याच चहाचे कालचे, दहा वर्षांपूर्वीचे आणि वीस वर्षांपूर्वीचे 25-25 ग्रॅम शेजारी ठेवून प्यायले, तर वय चहाचे काय करते ते जितके कळते तितके माझ्या कोणत्याही सांगण्याने कळणार नाही.

पिकवलेल्याबद्दल थोडक्यात सांगते. पाने ढीग करून ओलसर ठेवून लवकर पिकवण्याची रीत 1973 च्या सुमारास युन्नानची राजधानी कुनमिंगमध्ये बसवली गेली. रोजच्या पिण्यासाठी अशी एक चकती जरूर ठेवावी, पण तिला जुन्या कच्च्याचा पर्याय समजू नये.

जुन्याचा तुकडा घेताना मी आता सालाआधी गोदाम विचारते. कुनमिंग सुमारे 1,900 मीटर उंचीवर आहे. तिथल्या कोरड्या हवेत चहा सावकाश बदलतो आणि त्याची धार टिकते. हाँगकाँग आणि ग्वांगतोंगच्या दमट हवेत तो लवकर काळसर आणि मऊ होतो, आणि मातीचा वासही सोबत येतो. 2007 च्या वसंतात पुएरचे भाव गगनाला भिडले आणि लगेच कोसळले. त्या तेजीत भरमसाट चहा बनला, तेव्हा त्या सुमाराच्या चकत्यांत उत्तम आणि टाकाऊ दोन्ही सापडतात. वेष्टनापेक्षा उकळून झालेली पाने पाहावीत. ती तपकिरी, लवचिक असली आणि बोटांनी उलगडली तर ठीक; कोळशासारखी काळी, ताठ पाने ओलीने जळालेली असतात. हिरवी, पिवळी किंवा काळी लव दिसली तर वर्ष कितीही जुने सांगितले तरी तो चहा पिऊ नये. आणि भाव पुढे वाढेल का, हे मला विचारू नये. 2007 मध्ये ज्यांनी तो हिशेब केला त्यांचे काय झाले ते वर लिहिले आहे.

बडोद्यात चहा मुरतो का, हा यातला सर्वांत अवघड भाग आहे. एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशांच्या वरची कोरडी झळ आणि जूनपासून चार महिने ओल, अशा टोकांमध्ये वाढलेला तीस वर्षांचा चहा मी इथे कुणाच्या घरी प्यायलेले नाही. मैत्रीण म्हणते, उन्हाळ्यात बरणीचे तोंड घट्ट बांधले की पुरे. मला तेवढ्याने समाधान होत नाही. फोडणीपासून आणि उदबत्तीपासून चहा दूर ठेवावा, तळमजला असेल तर तो माळ्यावर न्यावा, एवढेच मी खात्रीने सांगू शकते. माळा उन्हाळ्यात फार तापतो हा तिचा आक्षेप मला खोडता आलेला नाही.

ती जुनी चकती मी टाकलेली नाही. मी ती पीत नाही आणि कुणाला देतही नाही. मैत्रीण तिचा तुकडा अजूनही आवडीने पिते, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांना पहिला पेला त्याचाच द्यावा असे तिचे मत आहे. या महिन्यात भाच्याचे मित्र पुन्हा ग्वांगचौला निघाले आहेत. त्यांनी तिलाही विचारले आहे आणि मलाही.