डोंगरालाच टेकू कशाला?

मी चित्रकला शिक्षक असून दरवर्षी विद्यार्थ्यांना रेखाटनासाठी वेरूळला नेतो, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतेच: सर, आख्खा डोंगर एकसंध असताना लेण्यांत खांब कोरले कशासाठी? यंदा पालकांनीही तेच विचारले. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

काही लेण्यांत खांबाचा खालचा भाग तुटून गेलेला आणि वरचे टोक छताला लोंबकळत असलेले दिसते, त्यावरून खांब केवळ शोभेचे असे लोक ठरवून टाकतात. मला ते अर्धेच खरे वाटते. कातळाला दाब सोसतो, वाकणे सोसत नाही. सपाट छताचा पल्ला वाढला की त्याच्या खालच्या अंगाला ताण बसतो आणि मुळातल्या भेगा तेथेच उघडतात. खांब तो पल्ला तोडतात. एखादा गेला, तर शेजारचे खांब आणि कडेच्या भिंती निभावून नेतात, इतकेच. दहाव्या लेण्यातील, म्हणजे ‘सुतार का झोपडा’ मधील, कमानदार छताच्या दगडी फासळ्या मात्र खरोखरच काही पेलत नाहीत. लाकडी छताच्या वाशांची ती दगडात उतरलेली नक्कल आहे. कैलासाच्या जोत्यावरील हत्तींनी मंदिर पाठीवर घेतल्याचा भासही तसाच, कारण हत्ती आणि शिखर एकाच कातळाचे आहेत.

भार नेमका कोणावर आहे हे डोळ्यांना कळतेच असे नाही. माझे आजोळ औसा तालुक्यातले. तिकडे घर खणांत, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांत, मोजतात: लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि वर मातीचे जड माळवद. तरीही घराचे बळ म्हणजे जाड दगडी भिंती, असाच आमचा समज होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात मातीत रचलेल्या, आरपार दगड नसलेल्या त्या भिंती ढासळल्या. आजी झोपली होती तो खण मात्र लाकडी सांगाड्यावर उभा राहिला आणि ती वाचली.

पुढे काही वर्षांनी न्हाणीत घसरून तिचा खुबा मोडला. एक्स-रे पाहताना मला हाडाऐवजी खांबावरचा हस्त, म्हणजे खांबातून तिरका पुढे आलेला आधार, दिसला (आपल्या भाषेने त्या दगडी आधाराला हे नाव उगीच दिलेले नाही). मांडीचे हाड खुब्यापासून सरळ खाली येत नाही. तिरकी मान काढून मग खाली वळते, आणि त्या मानेच्या आत हाडाची बारीक जाळी ज्या दिशांनी भार उतरतो त्याच दिशांनी विणलेली असते. 1866 साली झ्युरिचमध्ये कार्ल कुलमान या अभियंत्याला हाडाच्या अशाच छेदात यारीच्या (क्रेनच्या) ताणरेषा दिसल्या होत्या. दगडाचा हस्त एकदाच कोरला जातो. हाड मात्र भार येत राहील तेथे स्वतःला भरत राहते आणि भार थांबला की विरळ होते. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर आजीला लवकर चालायला लावले, यावरून घरात बरीच वादावादी झाली.

तो एक्स-रे माझ्या वेरूळच्या पिशवीत असतो. एकविसाव्या लेण्यातील शालभंजिकांचे (झाडाखाली उभ्या स्त्रीमूर्तींचे) हस्त काढायला बसवण्याआधी मी तो मुलांना उन्हात धरून दाखवतो.