सरदारांचा कागद

शनिवार, रात्रीचे साडेअकरा. हॉस्टेल.

हिशोब लागत नाहीये. चाळीस रुपये कमी येतायत, तीनदा बेरीज केली. इतिहास मंडळाची खजिनदार व्हायला मी हो का म्हणलं हे मलाच माहीत नाही, बहुतेक त्या दिवशी बाकी कुणी हात वर केला नव्हता म्हणून.

आज मोडी लिपीची, म्हणजे जुन्या मराठी कागदांच्या अक्षराची, कार्यशाळा झाली. मला वाटलं होतं पंधरा डोकी येतील फार तर. कारण मागच्या महिन्यातला अनुभव ताजा आहे. 1731 च्या वारणेच्या तहावर व्याख्यान ठेवलेलं, ज्या तहानं सातारा आणि कोल्हापूर अधिकृतपणे वेगळे झाले तो तह, आणि इथं कोल्हापुरातच त्याला आले अकरा जण, त्यातले तीन आमचेच, शाल-नारळ आणायला गेलेले. आणि त्याच्या आधी पन्हाळा ट्रिप, तर तिला शेहेचाळीस! दोन ट्रॅक्स ठरवलेल्या त्या पुरल्या नाहीत, पोरं गाड्या काढून मागनं आली. बरं, गडावर काय नुसतं झुणका-भाकर आणि फोटोच झाले असंही नाही. अंबरखान्यात, म्हणजे गंगा-यमुना-सरस्वती त्या कोठारांत, एका ज्युनिअरनं विचारलं की 1660 ला सिद्दी जौहरचा वेढा चार महिन्यांच्या वर चालला तर आत माणसं खात काय होती. त्यावर पार गडाच्या राजदिंडी दरवाज्यापर्यंत वाद चालू. व्याख्यानात असा प्रश्न एकानं विचारला नव्हता. सर म्हणतात अभ्यास वेगळा आणि सहल वेगळी, मला हे पटत नाही पण सरांपुढं कोण बोलणार.

टाऊन हॉल म्युझियमलाही तसंच झालेलं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली ती छोटी ब्राँझची पोसायडनची मूर्ती आहे ना, समुद्राचा देव, रोमन व्यापाराच्या काळात आलेली, तिच्यापुढं उभं राहून आमचा एकजण म्हणाला, बरोबर गावात आलाय भावा, 2019 ला बघितलं नाहीस का पंचगंगा. सगळे हसले, आणि मग पाऊण तास कुणी हललं नाही तिथनं.

असो. आजचं लिहिते.

शिकवायला जे काका आले ते रिटायर्ड आहेत, आयुष्यभर मोडी कागद वाचले. पहिला एक तास नुसत्या रेघा. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग अक्षरं त्या रेघेला लटकवत जायची, हात शक्यतो उचलायचा नाही, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही, हे ऐकून निम्म्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. माझ्या बोरूनं, म्हणजे शाईत बुडवायच्या लेखणीनं, पहिल्याच ओळीत शाईचा हा एवढा डाग पाडला. काका म्हणाले, चालतंय, कारकुनांचे पण पडायचे.

मग चहा झाला आणि काका म्हणाले घरातनं कुणी काय कागद आणलाय का. आणलेला एकानंच. करवीर तालुक्यातल्या एका गावचा पोरगा, त्याला आम्ही सगळे ‘सरदार’ म्हणतो कारण ॲडमिशन झाल्यापासनं तो सांगतोय की आमच्या घरात महाराजांची सनद आहे, आमचे पूर्वज सरदार होते, जमिनी इनाम होत्या, दसऱ्याला आज्जी तो कागद शस्त्रांबरोबर पूजेला मांडते वगैरे. आम्ही लई चेष्टा केलेली त्याची. आज खरंच घेऊन आला. टॉवेलात गुंडाळून, वर प्लॅस्टिकची पिशवी. चार घड्या पडलेला, घड्यांवर झिजून भोकं पडलेला पिवळा कागद, वर करवीर संस्थानचा स्टँप, त्याच्यावर हळदी-कुंकवाची बोटं. एवढी वर्षं कुंकू लावलंय की वरची अर्धी ओळ गुलाबीच झालेली.

काकांनी चष्मा बदलला आणि बोट न लावता वाचायला घेतलं. आधी मनात. मग मोठ्यानं. शके 1818, पौष. म्हणजे 1897 चा जानेवारी, दुष्काळाचं साल, हे आमच्यातल्या एकीनं लगेच सांगितलं. पुढं, कर्जरोखा. दोन मण जोंधळे आणि एक बैल, याच्यापायी घेतलेले रुपये, व्याज, आणि फेडलं नाही तर माळावरचं शेत. मागनं कोणतरी हळूच म्हणालं, विषय हार्ड, सरदार कर्जात. हसले थोडे. मीपण हसले, खोटं कशाला बोलू. मग काकांनी कागदाच्या खालच्या टोकाला बोट दाखवलं. सही नव्हती. एक छोटं चित्र होतं, दोनतीन रेघांचं. नांगर. लिहिता येत नसलेला कुणबी नांगराची निशाणी करायचा, आपलं नाव कारकून लिहिणार आणि शेजारी हा नांगर. त्या नांगराची एक रेघ थरथरलेली दिसते, शाई तिथं जाड झालीय.

सरदार काहीच बोलेना. कान लाल झालेले त्याचे. मला वाटलं आता उठून जातंय पोरगं.

तेवढ्यात काका म्हणाले, पण हा कागद तुमच्या घरात कसा काय?

कुणालाच कळेना काय विचारतायत. मला पण नाही, आणि मी एमए दुसऱ्या वर्षाला. मग त्यांनीच सांगितलं. रोखा असतो सावकाराकडं. ऋणको, म्हणजे कर्ज घेणारा, लिहून देतो, सावकार पेटीत ठेवतो. ऋणकोच्या घरात तो कधी येतो? फिटल्यावर. पालथा घाल बरं तो. त्यानं दोन्ही हातांनी घड्या सांभाळत पालथा घातला. मागं अगदी कोपऱ्यात दुसऱ्याच अक्षरातली एक ओळ, शके 1826 आणि पुढं, भरून पावलो. आठ वर्षं लागली. म्हणजे त्या घरात कोणतरी आठ वर्षांनी तो कागद घेऊन आलं असणार आणि देवघरात ठेवला असणार, आणि मग पुढच्या कुणालातरी तो का ठेवलाय हेच माहीत नाही, वर शिक्का दिसला म्हणून सनद झाली. शंभर-सव्वाशे वर्षं पूजा चालू आहे, पूजा बरोबर वस्तूचीच चाललीय, असं काका म्हणाले, आणि मग म्हणाले चहा अजून आहे का.

वर्गात चुळबूळ पण नव्हती. मग एकदम सगळेच फोटो काढायला धावले, काका ओरडले फ्लॅश बंद करा म्हणून.

प्रोग्रॅम चारला संपायचा तो साडेसहाला संपला. शिपाई मामा किल्ल्या वाजवत दारात उभे. नंतर दहाबारा जण मिसळ खायला गेलो, सरदार पण आला, तिथं कुणी त्याला सरदार म्हणलं नाही, पहिल्यांदाच नावानं हाक मारली तर त्यानंच विचारलं, काय रे, पगार कमी केला का?

आत्ता मेसेज आलाय त्याचा. ‘आज्जीनं विचारलं काय लिवलंय. अजून सांगितलं नाय. ताई, त्यो सावकार कोण हुता ते पुराभिलेखागारात घावंल का?’

घावंल का माहीत नाही. पण लिहिलंय त्याला, सोमवारी ये, अर्ज लिहून आण, आणि तिथं पेन चालत नाही, पेन्सिल आण. आणि आज्जीला सांगताना आधी मागची ओळ सांग.

चाळीस रुपयांचं उद्या बघते.