लिनोवर घोषणा कोरताना: २०० पोस्टरांच्या छपाईचा माझा अनुभव

सफाई कामगारांच्या एका संघटनेला २०० पोस्टर हवी होती. घोषणा तीन शब्दांची: ‘माणूस गटारात नको’. फ्लेक्सवर हे काम एका दिवसात झालं असतं. तरी मी लिनो, म्हणजे कोरून शाई लावून छापता येणारा लिनोलियमचा तुकडा, घेतला, कारण कोरलेला ब्लॉक संघटनेकडेच राहतो. पुढच्या वेळी वीज नसलेल्या खोलीतही दोन माणसं बसून तो पुन्हा छापू शकतात. १९३७ साली मेक्सिको सिटीत लिओपोल्दो मेंदेस, पाब्लो ओ’हिगिन्स आणि लुईस अरेनाल यांनी ‘तायेर दे ग्राफिका पोपुलार’ ही सामूहिक कार्यशाळा सुरू केली. तिथेही कामगार-शेतकरी संघटनांच्या पोस्टरांसाठी लिनो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला तो याच हिशेबाने: स्वस्त, लवकर कोरला जाणारा आणि भरपूर प्रती देणारा. त्या मंडळींची एक पद्धत मी कटाक्षाने पाळते. कोरण्याआधी रेखाटन सगळ्यांसमोर ठेवायचं, आणि ज्यांच्याविषयी चित्र आहे त्यांचं मत आधी घ्यायचं. मॅनहोलचं झाकण कोणत्या बाजूला सरकवतात, दोर कुठे बांधतात, हे कामगारच अचूक सांगतात. लिनोवर एकदा कोरलेली चूक परत भरता येत नाही.

आधी कागद ठरवला, मग ब्लॉक. डबल क्राऊन म्हणजे २० × ३० इंची कागद मधोमध कापला की १५ × २० इंचाचे दोन तुकडे मिळतात. २०० प्रतींना १०० ताव, वर १५ ताव नासाडीसाठी. कागद ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा पांढरा कागद. हाताने घासून छापायचं असेल तर २०० जीएसएमचा सुंदर हातकागद मोहात पाडतो, पण चमच्याचा दाब त्याच्यातून खाली पोचत नाही. शिवाय जाड कागद खळीने भिंतीवर नीट बसत नाही, कोपरे सुटतात. ब्लॉक १२ × १६ इंच ठेवला, म्हणजे खाली-वर दोन-दोन इंच आणि बाजूंना दीड-दीड इंच समास सुटतो.

लिनो घेताना पाठीमागे तागाचं कापड आहे ना ते पाहावं. जवसाचं तेल, राळ, बुचाचा भुगा यांपासून तो बनतो. जाडी साधारण ३.२ मिलिमीटर. फरशीवर टाकायचं व्हिनाइल दिसायला तसंच असतं, पण त्यावर पाते घसरते आणि कड लवकर फाटते. जुना लिनो वाळून ठिसूळ होतो. कोपरा किंचित वाकवून पाहायचा, तडा गेला तर घ्यायचा नाही. कोरण्याआधी १० ते १५ मिनिटं उन्हात ठेवला की लोण्यासारखा कापला जातो. थंडीत गार लिनोवर जोर लावणं हे हात कापून घेण्याचं पहिलं कारण. वरची चकाकी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच काढली आणि पातळ लाल रंग फडक्याने पुसून घेतला. त्यामुळे कोरलेला भाग फिकट उठून दिसतो आणि काम कुठवर आलं हे एका नजरेत कळतं.

आता अक्षरं. लिनोवरच्या देवनागरीबद्दल फारसं लिहिलं जात नाही, आणि पोस्टर फसतं ते बहुतेक इथेच. एक ढोबळ हिशेब: १० फुटांवरून सहज वाचायला अक्षर किमान १ इंच उंच हवं. पहिल्या दोन ओळी, ‘माणूस’ आणि ‘गटारात’, दीड इंची घेतल्या, म्हणजे रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याला वाचता येतील. ‘नको’ ३ इंची, पलीकडच्या फुटपाथवरून दिसेल असं. मात्रा-उकार धरून निम्मा ब्लॉक अक्षरांतच गेला, आणि तो जाऊ द्यावा. वरच्या निम्म्यात उघडं मॅनहोल, काठावर दोर आणि आतून वर आलेला एक हात, इतकंच.

घोषणा लिहितानाच ओळींची टक्कर तपासावी लागते. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा समोरासमोर आली की मध्ये एक मिलिमीटरचा लिनो उरतो आणि तो दहाव्या प्रतीला तुटतो. इथे ‘णू’चा दीर्घ उकार खाली येतो, पण ‘गटारात’ला वर मात्रा नाही. ‘को’ची मात्रा वर जाते, पण ‘गटारात’ला खाली उकार नाही. म्हणून शब्दांचा हाच क्रम ठेवला. जोडाक्षरं घोषणेत शक्यतो टाळते. ‘स्वच्छता’मधला ‘च्छ’ दीड इंचात कोरता येतो, पण शाई भरून तो लवकरच काळा ठिपका होतो.

अक्षरं ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने सरळ काढली, कागद पालथा करून लिनोवर ठेवला आणि मागून घासला. उलटी अक्षरं आपोआप उतरतात. कार्बन पेपरने सरळ उतरवण्याची चूक फार होते, आणि ती पहिली छाप काढेपर्यंत लक्षात येत नाही. कोरण्याआधी ब्लॉक आरशासमोर धरावा. आरशात काना अक्षराच्या उजव्या हाताला दिसत असेल तर काम बरोबर चाललं आहे.

पहिल्या दोन ओळी काळ्यावर पांढऱ्या ठेवल्या. चित्रकार नंदलाल बोस यांचा १९३० सालचा ‘बापूजी’ हा दांडीयात्रेचा लिनोकट ज्यांनी पाहिला आहे त्यांना काळ्या पार्श्वभूमीतून उमटणाऱ्या पांढऱ्या रेषेचं बळ वेगळं सांगावं लागत नाही. चित्रकार चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीला राहत असत. त्यांच्या बालमजुरांवरच्या लिनोकटांतही काळ्याची हीच ताकद आहे. पांढऱ्या अक्षरात फक्त अक्षरच कोरायचं असल्याने काम निम्म्या वेळात होतं. अडचण असते ती बेटांची. ‘म’ आणि ‘न’ यांच्या गाठीत आणि ‘क’च्या पोटात लिनोचा छोटा तुकडा उभा राहतो. तो ३ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर तागावरून सुटून येतो. म्हणून पांढऱ्या ओळीतल्या ‘म’ची गाठ उघडी ठेवली. वाचताना कुणालाही ते खटकत नाही.

‘नको’ मात्र पांढऱ्यावर लाल, म्हणजे अक्षर उभं ठेवून भोवतालचं सगळं खोदायचं. आधी शिरोरेषा: स्टीलच्या पट्टीला लावून चाकूने दोन्ही कडा कापल्या, जाडी ८ मिलिमीटर. सगळी अक्षरं तिलाच लटकलेली असतात. ती वाकडी गेली की ओळ दारू प्यायल्यासारखी दिसते. मग अक्षरांच्या कडा व्ही (V) आकाराच्या पात्याने आणि शेवटी मोठी जागा यू (U) आकाराच्या पात्याने. पाते २० ते ३० अंशांत धरायचं, कड बाहेरच्या बाजूला उतरती ठेवायची. अक्षराचा पाया माथ्यापेक्षा रुंद हवा. पाते आत वळून कड पोखरली गेली तर ब्लॉक दिसायला ठीक दिसतो आणि पन्नासाव्या छापेला कडेचे टवके उडतात. गोलाई कापताना हात नाही, लिनो फिरवायचा. दुसरा हात कायम पात्याच्या मागे. टेबलाच्या कडेला अडकणारी, वर आडवी पट्टी असलेली लाकडी फळी केली की ब्लॉक तिला टेकून राहतो आणि हात पुढे न्यावा लागत नाही.

खोली दीड ते दोन मिलिमीटर. तागापर्यंत गेलं की धागे उसवतात, शाई धरतात आणि पांढऱ्यात काळे केस उमटतात. उथळ राहिलं तर पात्याच्या मागच्या कडा छापल्या जातात. चित्राच्या भागात त्या मी मुद्दाम थोड्या ठेवते, हाताचा वेग दिसतो. अक्षरांभोवती मात्र एकही नाही.

दोन रंगांसाठी दोन ब्लॉक केले नाहीत. कोरून झाल्यावर ‘को’च्या मात्रेला वळसा घालून ‘नको’चा तुकडा चाकूने वेगळा केला. तो लाल, बाकीचा काळा, आणि शाई लावून दोन्ही पुन्हा जागेवर बसवले की एकाच छापेत दोन रंग. नोंदणी, म्हणजे दोन्ही रंग नेमक्या जागी बसणं, चुकण्याचा प्रश्नच राहत नाही. पुठ्ठ्यावर ब्लॉकसाठी काटकोनी अडसर आणि कागदासाठी दोन खुणा चिकटवल्या म्हणजे प्रत्येक प्रतीचा समास सारखा येतो.

शाई तेलाचीच घ्यावी. पाण्याची शाई आपल्या उन्हाळ्यात काचेवरच वाळते, आणि भिंतीवर लावताना खळीने पसरते. छापखान्यात मिळणारी ऑफसेटची काळी चालते. ती घट्ट वाटली तर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे चार-पाच थेंब, मे महिन्यात सैल झाली तर चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट. या आकाराच्या ब्लॉकला एका प्रतीमागे एक ते दीड ग्रॅम काळी लागते. २०० प्रतींना काचेवरची नासाडी धरून ३०० ग्रॅम पुरली, लाल ६० ग्रॅम.

काचेवर शाई पातळ पसरून रबरी रोलर फिरवायचा आणि कान द्यायचा. मंद चुरचुर ऐकू आली की थर बरोबर. चिकट चपचप आवाज येत असेल आणि रोलरवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसत असतील तर शाई जास्त झाली, अक्षरांच्या फटी भरणार. आवाजच नसेल तर छाप मीठ पेरल्यासारखी पांढुरकी येणार. एकदम जाड थर देण्यापेक्षा तीन दिशांनी सहा-आठ पातळ फेरे द्यावेत. नव्या ब्लॉकच्या पहिल्या तीन-चार छापा नेहमी फिक्या येतात, कारण लिनो शाई पितो. त्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर काढाव्यात.

कागद खुणांवर टेकवून सोडला, वर बटर पेपर, आणि मोठ्या स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासायचं. बटर पेपर नसेल तर मॅपलिथो खरवडून लव निघते. एक कोपरा उचलून पाहावा, फिकं असेल तिथे पुन्हा घासावं. दुसरा कोपरा दाबून धरलेला असला की प्रत हलत नाही. दोन माणसं हवीत: एकाचे हात शाईचे, दुसऱ्याचे कागदाचे, आणि मध्येच अदलाबदल नाही. समासावरचे काळे अंगठे त्या अदलाबदलीतूनच येतात. आमचा वेग तासाला १२ प्रती, म्हणजे २०० प्रतींना जवळजवळ १७ तास. तीसेक प्रतींनंतर बारीक रेषा भरू लागल्या की शाई न लावता दोन छापा रद्दी कागदावर काढायच्या, साठलेली शाई निघून येते. तरी भरलं तर रॉकेलचा जेमतेम ओला बोळा. ब्लॉक भिजवायचा नाही, ताग फुगतो.

प्रती हजारांत हव्या असतील तर चमचा सोडून जुना ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाई यंत्र, शोधावा. लहान शहरांतल्या छापखान्यांत तो पावत्यांचे नंबर टाकायला आणि परफोरेशनला अजून चालतो. ब्लॉक छापखान्यातल्या खिळ्यांच्या (धातूच्या अक्षरांच्या) उंचीला, म्हणजे ०.९१८ इंचाला, साधारण २३.३ मिलिमीटरला आणावा लागतो. १९ मिलिमीटरचं प्लायवुड, त्यावर ३.२ चा लिनो, आणि उरलेल्या १.१ मिलिमीटरला खाली कार्डाचं पॅकिंग. चेसचं, म्हणजे ब्लॉक आवळून बसवायच्या लोखंडी चौकटीचं, माप मात्र कोरण्याआधी विचारावं. पुष्कळ ट्रेडलना १० × १५ इंचांपेक्षा मोठा फर्मा बसत नाही.

प्रती दोरीवर चिमट्यांनी टांगल्या. ऑक्टोबरात एका दिवसात हाताला लागेनाशा होतात, पावसाळ्यात तीन-चार दिवस धरावेत. घाईने एकावर एक ठेवलेल्या प्रतींच्या पाठीवर काळं उतरतं.

बारीक मजकूर लिनोत कोरू नये. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटार व सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला बंदी आहे आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली, ही माहिती लोकांपर्यंत जायलाच हवी. ती सोबतच्या पत्रकात दिली. संघटनेचं आणि मुद्रकाचं नाव-पत्ता रबरी शिक्क्याने खालच्या समासात घेतला. निवडणुकीच्या प्रचाराशी संबंध येणारं पोस्टर असेल तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १२७-अ वाचूनच छापावं. मुद्रक व प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हाताने नक्कल करणं सोडून प्रती वाढवण्याची कोणतीही पद्धत या कलमात मुद्रणच धरली आहे, म्हणजे चमच्याने घासलेला लिनोसुद्धा. भिंतींच्या बाबतीत महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा आहे. आम्ही कामगारांची चौकी, युनियनचं कार्यालय आणि घरमालकांनी हो म्हटलेल्या भिंती एवढ्याच धरल्या. मैद्याच्या खळीत थोडा मोरचूद टाकला की झुरळं आणि बुरशी कागद खात नाहीत. खळ कालवायला जुनं प्लास्टिकचं भांडं घ्यावं, स्वयंपाकाचं नाही, मोरचूद विषारी आहे.

प्रतींना ५/२०० असे आकडे घातले नाहीत. गॅलरीत आवृत्ती संपली की ब्लॉकवर फुली कोरून तो बाद करतात. पोस्टरचा ब्लॉक बाद करायचा नसतो. म्हणूनच त्यात तारीख, सभेचं ठिकाण काही कोरलेलं नाही, तेही शिक्क्यानेच येतं. रॉकेलने पुसून, कोरडा करून, दोन प्लायवुडच्या मध्ये सपाट ठेवला आहे. गुंडाळला तर तडकेल, आणि तो पुन्हा लागणार आहे.