अक्षरं झाकून वाचलेलं पुस्तक

अमेरिकेत शिकवायला लागले तेव्हा बालसाहित्याच्या कोर्सला ऐतिहासिक चित्रपुस्तकं माझ्या वाट्याला आली. म्हटलं, तीस-चाळीस पानांची पुस्तकं, त्यात काय एवढं! पहिल्या सत्रात तोंडावर आपटले. मी सनावळ्या सांगत बसायची आणि पोरं पुस्तक मिटून म्हणायची, "क्यूट आहे."

पुढच्या सत्रात मुद्दाम वादातलं पुस्तक घेतलं, 'अ बर्थडे केक फॉर जॉर्ज वॉशिंग्टन'. २०१६च्या जानेवारीत ते आलं, टीकेची झोड उठली आणि त्याच महिन्यात स्कॉलास्टिक या प्रकाशनसंस्थेने ते मागे घेतलं. गोष्ट एवढीच, की राष्ट्राध्यक्षांचा वाढदिवस, घरातली साखर संपलेली, आणि गुलाम स्वयंपाकी हर्क्युलिस मधावर केक निभावून नेतो. सांगते त्याची मुलगी डीलिया.

या खेपेला मजकुरावर कागद चिकटवले. म्हटलं, नुसती चित्रं बघा आणि गुलामांचे हसरे चेहरे मोजा. मोजता मोजता वर्ग गप्प झाला.

मग इतिहास काढला. पेनसिल्व्हेनियाच्या १७८०च्या कायद्यानुसार, बाहेरून आणलेला गुलाम तिथे सलग सहा महिने राहिला तर स्वतंत्र होऊ शकत असे. राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टन याच राज्यातल्या फिलाडेल्फियात राहत; म्हणून तिथल्या आपल्या गुलामांना ते मुदत भरायच्या आत राज्याबाहेर धाडत. हर्क्युलिसला शेवटी माउंट व्हर्ननला, म्हणजे वॉशिंग्टनच्या व्हर्जिनियातल्या मळ्यावर नेऊन दगड फोडायला, माती खणायला लावलं. २२ फेब्रुवारी १७९७ला तो तिथून पळाला. वॉशिंग्टनचा पासष्टावा वाढदिवस होता तो! मागे राहिलेल्या त्याच्या सहा वर्षांच्या लेकीला एका फ्रेंच पाहुण्याच्या नोकराने विचारलं, वाईट वाटत असेल ना? ती म्हणाली, छे, आनंदच झाला, बाबा आता मोकळे झालेत.

हे वाचताना माझाच आवाज अडकला, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण मॅम, ते हसू स्वतःच्या कसबाच्या अभिमानाचं असलं तर?" तयार उत्तर माझ्याकडे नव्हतं. हर्क्युलिस पळाल्याचं पुस्तकाच्या टिपेत आहे, पण मांडीवर मूल घेऊन टीप कोण वाचतं? निम्मा वर्ग त्या मुलाच्या बाजूने, निम्मा विरुद्ध. तास संपून दुसऱ्या वर्गाची मुलं दारात येऊन उभी राहिली, तरी आमचे कागद पुस्तकावर तसेच चिकटलेले होते.