टिलामूकचं लाकडी हँगर

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल-माउंटन व्ह्यू भागातल्या मराठी मंडळींना मॉफेट फील्ड या विमानतळाचं 'हँगर वन' ओळखीचं असतंच. १०१ महामार्गावरून ऑफिसला जाता-येता ते दिसतं. अमेरिकी नौदलाच्या 'मेकन' या एअरशिपसाठी, म्हणजे हलक्या वायूवर तरंगणाऱ्या प्रचंड हवाई जहाजासाठी बांधलेलं, १,१३३ फूट लांब. मेकन १९३३ मध्ये तिथे आली आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये पॉइंट सुरजवळ समुद्रात कोसळली. हँगर मात्र अजून उभं आहे. ते रोज लांबूनच बघत आल्यामुळे असं एखादं हँगर आतून बघायची फार इच्छा होती. ती पुरी झाली ओरेगनमध्ये, याच १०१ महामार्गालगत.

पोर्टलंडहून डोंगर ओलांडून किनाऱ्याकडे उतरलं की टिलामूक लागतं. हिरवीगार कुरणं, गाई आणि चीजचा कारखाना. बहुतेक पर्यटक चीज खाऊन पुढे जातात. आम्ही गावाच्या दक्षिणेला वळलो. कुरणांच्या मधोमध ती कमान दिसली आणि गाडी कितीही पुढे नेली तरी ती जवळ येईचना.

हे 'हँगर बी' १९४३ साली पुरं झालं. जून १९४२ मध्ये एका जपानी पाणबुडीने याच ओरेगनच्या किनाऱ्यावर, फोर्ट स्टीव्हन्सवर तोफगोळे डागले होते, त्यामुळे किनाऱ्यावर पहारा हवाच होता. ते काम के-वर्गाच्या ब्लिम्पचं. अडीचशे फूट लांबीचे, हेलियम भरलेले हे फुगे तासन् तास समुद्रावर संथ फिरत पाणबुड्या शोधायचे. पण जमिनीवर उतरल्यावर ते वाऱ्याच्या तावडीत सापडत, म्हणून एवढा मोठा आडोसा. पोलाद युद्धनौकांना लागत होतं, तेव्हा नौदलाने देशभरात अशी सतरा हँगरं चक्क लाकडात बांधली.

आत गेल्यावर काही क्षण आम्ही दोघंही बोललो नाही. लांबी १,०७२ फूट, उंची १९२ फूट. पंधरा मजली इमारत सहज उभी राहील. मधे एकही खांब नाही. मी बाजूच्या एका कमानीपाशी जाऊन लाकडावर हात ठेवला. डग्लस फरच्या जाड तुळया, खरखरीत, सांध्यासांध्याला लोखंडी बोल्ट. तिथून नजर वर न्यावी तर तुळईला तुळई जोडत ती कमान अंधारात जाते आणि पलीकडच्या बाजूने पुन्हा खाली येते. दोन्ही टोकांच्या दारांच्या सहा-सहा झडपा, प्रत्येक १२० फूट उंच आणि तीस टनांची, रेल्वेसारख्या रुळांवर सरकणारी. खाली ठेवलेली संग्रहालयाची विमानं छान आहेत, पण खरं सांगायचं तर माझं त्यांच्याकडे लक्षच लागेना.

मला सारखं कराची आठवत होतं. ब्रिटिशांनी आर-१०१ या एअरशिपसाठी तिथे असंच अवाढव्य हँगर उभारलं होतं. भारताकडे निघालेलं ते एअरशिप ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्येच कोसळलं, ४८ माणसं गेली. दोनच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, त्याच कराचीहून जेआरडी टाटा टपाल घेऊन छोट्याशा विमानातून जुहूला उतरले. लहानपणी जुहू विमानतळाच्या कुंपणापाशी उभं करून बाबांनी ही गोष्ट मला कितीदा सांगितली असेल! पण तिची आधीची बाजू, ते रिकामं राहिलेलं हँगर, मला खूप उशिरा कळलं.

टिलामूकलाही हँगरं दोन होती. 'हँगर ए'मध्ये गवताच्या गंज्या साठवल्या होत्या. १९९२ मध्ये आग लागली आणि ते पूर्ण जळालं. दक्षिण कॅलिफोर्नियात टस्टिनचं उत्तरेकडचं लाकडी हँगर २०२३ मध्ये आगीतच गेलं. बातमी वाचून फार वाईट वाटलं होतं, कारण ते बघायचं आम्ही सारखं पुढे ढकलत होतो.

तेव्हा ओरेगनला जाणार असाल तर टिलामूकसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. आत चांगलाच गारठा असतो, स्वेटर न्या. आणि जमल्यास दुर्बीणही, छताचे सांधे बघायला.