पंढरीची वाट आणि करंगळीवरचं कुरूप

माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत जायचं म्हणजे साधारण अडीचशे किलोमीटर, मुक्काम धरून जवळजवळ तीन आठवडे. निघायच्या आधी आमच्या दिंडीतल्या बायकांची जमवाजमव जोरात असते. गुडघ्याच्या पट्ट्या, रेनकोट, गोळ्यांचा डबा, जास्तीचं नऊवार. पायांकडे मात्र कोणी बघत नाही. बघितलंच तर भेगांना मलम चोपडायचं, की झाली तयारी. मला यंदा बघावं लागलं, कारण डाव्या करंगळीवर कुरूप झालं होतं आणि बंद बूट घातला की ते थेट हाडापर्यंत टोचायचं.

माझी करंगळी जन्मापासून आत वळलेली, आईचीही तशीच होती. वळल्यामुळे तिचं मधलं पेर वर उचललं जातं आणि बुटाला घासत राहतं. सतत दाब आणि घर्षण होऊ लागलं की कातडी स्वतःला वाचवायला जाड होते, एवढाच हा प्रकार. तळव्याला किंवा टाचेच्या कडेला जो पसरट, पिवळसर घट्टा पडतो, तो बऱ्याचदा दुखतही नाही. कुरूप असतं लहान, पण त्याच्या मधोमध कडक गाभा असतो आणि त्याचं निमुळतं टोक आत रोखलेलं. पाऊल टाकलं की तेच टोक आतल्या जिवंत कातडीत रुततं.

वारीला अजून महिना-सव्वा महिना होता तेव्हा मी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. फोनवरच त्यांनी सांगितलं होतं, "वारीत जे बूट घालणार ते घेऊन या." आधी वाटलं, बूट कशाला? पण त्यांनी पायाच्या आधी बूटच हातात घेतला. आत बोटं घालून शिवण चाचपली, तळ उलटा करून कुठे झिजलाय ते पाहिलं. मग साखर आहे का, पायाला मुंग्या येतात का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे विचारलं. नंतर कुरूप वरून दाबलं, तर मी कळवळले. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं, तर काही नाही. चामखीळ असती तर चिमटीत जास्त दुखली असती, म्हणाल्या. शिवाय चामखिळीत काळे ठिपके दिसतात आणि कातडीवरच्या रेषा तिच्याशी येऊन तुटतात. तळव्यावरची चामखीळ कुरूप समजून कापत बसणारे पुष्कळ असतात, आणि ती विषाणूची असल्यामुळे पसरते.

मग स्पिरिटने पुसून त्यांनी नवं पातं काढलं. भुलीचं इंजेक्शन नाहीच. पातं जवळजवळ आडवं धरून त्या एकेक पापुद्रा उतरवत गेल्या. पापुद्रे पातळ, किंचित पारदर्शक, आणि खाली ट्रेमध्ये कांद्याच्या सालीसारखे पडत होते. मी डोळे मिटून दुखायची वाट बघत होते. पण मेलेल्या कातडीला संवेदनाच नसते, त्यामुळे फक्त खरवडल्याचा आवाज. थोड्या वेळाने त्यांनी भिंग माझ्याकडे सरकवलं. मधोमध काचेसारखा, धुरकट एक गोल दिसत होता. तोच गाभा. पात्याच्या टोकाने त्याच्या कडा मोकळ्या करून त्यांनी तो उचलला. जागेवर छोटासा खळगा राहिला. रक्ताचा थेंब नाही. खाली उतरून पाय टेकवला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा करंगळी आहे की नाही हे कळलं नाही.

"गेलं ना आता मुळापासून?" मी विचारलं.

"कुरुपाला मूळ नसतं हो," त्या म्हणाल्या. "मी कातडी कापली. बोट वाकडं ते वाकडंच आहे आणि बूटही तोच. दाब राहिला तर परत येईल."

मला वाटतं, या एका वाक्यासाठी त्यांना दुप्पट फी द्यायला हवी होती. कारण आपल्याकडे सगळा भर कापण्यावर. कोणी ब्लेडने, कोणी नेलकटरने, कोणी आधी चुना लावून. कापलं की दोन आठवडे बरं वाटतं आणि पुन्हा पहिले पाढे.

दाब कमी करायचा म्हणजे काय, ते त्यांनी करून दाखवलं. कोऱ्या कागदावर मला उभं केलं, पावलाभोवती पेन्सिल फिरवली आणि त्या आकृतीवर माझा बूट ठेवला. करंगळीकडची रेघ बुटाच्या बाहेर चांगली बोटभर. म्हणजे तेवढं पाऊल रोज दुमडून आत कोंबलं जात होतं. नवा बूट घ्यायचा तो संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय सुजतो. आणि चालताना तर आणखी सुजतो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, पुढचा भाग रुंद आणि खोल हवा, नाडी हवी. नाडी किंवा पट्टा नसला की पाऊल पुढे घसरतं आणि बोटं आपोआप आकसून चप्पल पकडायला बघतात. तिथूनच बोटांच्या शेंड्यांवर घट्टे पडायला सुरुवात होते. करंगळीला सिलिकॉनची मऊ टोपी मिळाली, रोज धुऊन वाळवायची. टाचांसाठी युरिया असलेलं क्रीम, रात्री लावायचं, पण बोटांच्या बेचक्यांत नाही.

तळव्याचा घट्टा मात्र त्यांनी फक्त हलका केला, सगळा काढला नाही. लांब चालायच्या तोंडावर तळवा अगदी गुळगुळीत करून घेतला तर खालची नवी कातडी कोवळी असते, तिला फोड येतात. घरी पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून वजरीने हलक्या हाताने घासायचं, एका बैठकीत साफ करायचा हट्ट नाही. माझ्या चवड्याखालच्या घट्ट्यासाठी बुटाच्या तळाशी एक छोटी गादी चिकटवली. ती दुखणाऱ्या जागेवर बसवत नाहीत, तिच्या किंचित मागे, टाचेच्या अंगाला बसवतात, म्हणजे हाडांवरचा भार उचलला जातो. हे मला अगदी उलटं वाटलं होतं, पण चालल्यावर पटलं. वारीला निघेपर्यंत नवे बूट रोज घालून मुरवले.

पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यांत लांब आणि त्यात दिवे घाट. चढण लागली की टाच हलकी होते आणि सगळं वजन चवड्यावर येतं. टाळ-मृदंगाच्या नादात ते जाणवत नाही, सासवडला पाठ टेकली की जाणवतं. त्या दिवशी पावसाने मोजे चिंब झाले होते. ओली कातडी मऊ पडते आणि पटकन सोलते, म्हणून मी विसाव्याला मोजे बदलत होते. बाकीच्या हसत होत्या. एकीने विचारलंसुद्धा, "माउली, मोज्यांचं दुकान लावलंय का?" दुसऱ्या दिवशी तिच्याच टाचेला फोड. फोड म्हणजे कुरूप नव्हे, तो एका दिवसात येतो, कुरूप व्हायला आठवडे लागतात. फोडातून सुईने दोरा ओवून तो तसाच ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. तो दोरा म्हणजे जंतूंना आत यायला पायवाट. फोड लहान असेल तर न फोडता झाकून ठेवावा, वरची कातडी तर मुळीच सोलू नये.

अनवाणी चालणाऱ्यांचे पाय मी मुद्दाम बघत होते. जाड, सगळीकडे सारखा भरलेला तळवा, आणि बोटांच्या वर कुरूप जवळपास नाहीच. घासायला बूटच नाही तर होणार कुठून! तरी ज्याच्या पायाची जाणीव शाबूत आहे त्यानेच हे करावं.

आमच्या आक्का जेजुरीपासून लंगडत होत्या. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात पांढरं, ओलसर, भिजल्यासारखं झालेलं. त्या म्हणाल्या, चिखल्या आहेत, आणि बुरशीचं मलम लावत राहिल्या. मला शंका आली, कारण चिखल्यांना खाज सुटते आणि आक्कांना नुसती कळ येत होती, तीही दोन बोटं एकमेकांवर दाबली की. वाटेवरच्या वैद्यकीय पथकातल्या डॉक्टरांनी पाहिलं. मऊ कुरूप. दोन बोटांची हाडं आतून समोरासमोर येतात आणि मधली कातडी त्यांच्यात चेंगरते. घामामुळे ते कडक होत नाही, एवढाच फरक. वरचं मेलेलं त्यांनी काढलं, बेचकं कोरडं करून मध्ये गॉझची घडी ठेवली आणि अरुंद चप्पल बदलायला लावली. रात्री सेवेकरी पायाला तेल चोळायला आले की आक्कांना बेचकी वाचवा म्हणून ओरडावं लागायचं. सेवेकऱ्यांना काय, ते प्रेमाने सगळीकडेच चोळतात.

तात्यांचं प्रकरण गंभीर होतं. वय सत्तरीच्या घरात, साखर जुनी. उजव्या अंगठ्याच्या बुंध्याशी, तळव्याला, मोठा घट्टा. दुखत अजिबात नव्हता, म्हणून ते निर्धास्त. लोणंदच्या मुक्कामी आक्कांची पट्टी बदलायला गेलो तेव्हा मी त्यांना ओढूनच नेलं. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा एक जाडसा तंतू तळव्यावर टेकवत गेले. तो 10 ग्रॅमच्या दाबाला वाकेल असा बनवलेला असतो. लागलं की "हो" म्हणायचं. तंतू वाकत होता, डॉक्टर जागा बदलत होते आणि तात्या शांतपणे विचारत होते, "सुरू केलं का?"

घट्ट्याच्या मध्यभागी काळसर तांबडा डाग होता. डॉक्टर म्हणाले, खाली रक्त साकळलंय, जखम असू शकते. घट्टा स्वतःच आता पायात खडा असल्यासारखा दाब देतोय आणि यांना तो कळत नाही. तात्यांच्या पिशवीत कॉर्न कॅपचं, म्हणजे कुरुपावर चिकटवायच्या औषधी पट्टीचं, पाकीट निघालं, कोणीतरी आग्रहाने दिलेलं. डॉक्टरांनी ते बाजूलाच ठेवून घेतलं. त्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असतं, बहुधा 40 टक्के. धडधाकट पायावर, फक्त कुरुपापुरती लावली तर ती काम करते. पण आम्लाला मेलेली कातडी आणि जिवंत कातडी यातला फरक कळत नाही. आजूबाजूची चांगली कातडी जळाली तर साध्या माणसाला चुरचुरेल, तो पट्टी काढेल. तात्यांना समजणारच नाही. साखर असलेल्यांनी, पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी ती लावायचीच नाही, आणि घरी ब्लेडही चालवायचं नाही.

त्यांना गाडीने इस्पितळात नेलं. घट्टा कापल्यावर खाली खरोखरच जखम निघाली. पायावर भार टाकायचा नाही, असा हुकूम. तात्या दिंडीप्रमुखांपुढे हात जोडून उभे, "माउली, माझी वारी मोडू नका." प्रमुख भले माणूस, पण ठाम. म्हणाले, "वारी मोडत नाही, फक्त चालणं बंद." तात्या सामानाच्या ट्रकमध्ये बसले ते शेवटपर्यंत. वाखरीला पोचलो तेव्हा आमच्या आधी तंबूत बसून हरिपाठ म्हणत होते, आणि पाय उशीवर, सांगितला होता तसा.

घरी आल्यावर मी पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेले. करंगळीवर थोडं जाड झालं होतं, गाभा तयार झाला नव्हता. दोन मिनिटांत हलकं केलं. कायमचा इलाज विचारला तर म्हणाल्या, छोटी शस्त्रक्रिया करून हाड तासता येतं आणि बोट सरळ बसवता येतं, पण रुंद बूट आणि टोपीवर भागतंय तोवर कशाला? मलाही घाई नाही.

तात्यांची जखम भरायला बरेच आठवडे लागले. आता त्यांच्या पावलाच्या मापाचा तळ करून घेतलाय, घरातही चप्पल घालतात, आणि घट्टा वाढायच्या आत ठरलेल्या वेळी जाऊन कापून येतात. रोज रात्री सूनबाई आरसा धरून तळवे बघते. पुढच्या वर्षी चालू का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी ही कातडी टिकू द्या, मग बोलू. तात्यांनी दिंडीच्या यादीत नाव मात्र आत्ताच दिलंय. नावापुढे कंसात "ट्रक" असं स्वतःच्या हाताने लिहून.